बायबलमध्ये कुठे लिहिलंय?

आजीला माती देऊन तिसरा दिवस होता. संध्याकाळी घरी रोझरी चालू होती. ओटीवर चटया टाकलेल्या, आळीतल्या बायका आणि काका-काकू बसलेले, आजीच्या फोटोपुढे मेणबत्ती. सगळे आत होते, फक्त दादा नव्हता. तो मागे विहिरीपाशी, केळींच्या बाजूला उभा होता. रोझरी संपल्यावर मी त्याला चहा नेऊन दिला. कप हातात घेत तो म्हणाला, "तू तरी शिकलेली आहेस ना? मेलेल्या माणसासाठी प्रार्थना करा, असं बायबलमध्ये कुठे लिहिलंय?"

त्याच्या आवाजात भांडण नव्हतं, म्हणून जास्त लागलं. महिन्याचा मिस्सा ठरवायचा होता. दादा म्हणाला, "मी नाही येणार. जे देवाच्या वचनात नाही, त्यात मी उभा राहणार नाही."

दादा चार वर्षांपूर्वी नालासोपाऱ्याला राहायला गेला आणि तिथल्या एका प्रार्थनागटात जाऊ लागला. आमच्या घरात त्यावरून बरंच बोलून झालंय. पण एक गोष्ट कुणीच नाकारत नाही. त्याआधीची सहा वर्षं तो दारूत होता. आईच्या पाटल्या गेल्या, वहिनी माहेरी निघून गेली, आजी रात्री साडेबाराची शेवटची रिक्षा येईपर्यंत फाटकापाशी माळ जपत बसायची. मग कुणीतरी त्याच्या हातात एक काळ्या कव्हरचं मराठी बायबल दिलं. दारू सुटली, वहिनी परत आली. त्यामुळे दादा जेव्हा "हे देवाचं वचन आहे" म्हणतो, तेव्हा त्याच्या बाजूनं एक अख्खा जिवंत पुरावा चहाचा कप धरून समोर उभा असतो. त्याला काय उत्तर देणार?

त्या रात्री मी कपाटातलं बायबल काढलं. धर्मशिक्षणाच्या वर्गात ऐकलेलं अंधुक आठवत होतं. तासाभरानं सापडलं : मक्काबींच्या दुसऱ्या ग्रंथाचा बारावा अध्याय. लढाईत पडलेल्या आपल्या सैनिकांसाठी यहूदा मक्काबी पैसे गोळा करतो, यरुशलेमला पाठवतो आणि त्यांच्या पापांची क्षमा व्हावी म्हणून अर्पण करायला लावतो. मेलेल्यांसाठी प्रार्थना! मी पानाचा फोटो काढून दादाला व्हॉट्सॲप केला. खरं सांगते, जिंकल्याचा आनंद झाला होता.

दोन मिनिटांत उत्तर आलं : "हे पुस्तक बायबलमध्ये नाही." खाली त्याच्या बायबलच्या अनुक्रमणिकेचा फोटो.

मी मोजलं. त्याच्या बायबलमध्ये 66 पुस्तकं. माझ्यात 73. टोबित, यहुदीथ, मक्काबींची दोन, ज्ञानग्रंथ, बेन सिरा, बारूख ही सात त्याच्याकडे नाहीत. म्हणजे बायबलमध्ये काय लिहिलंय हा प्रश्न बाजूलाच राहिला. कोणतं पुस्तक देवाचं, हे कुणी ठरवलं आणि कशावरून, हा खरा प्रश्न होता. आमच्या घरापुरतं सांगायचं तर आजीच्या मिस्साला तिचा थोरला नातू येणार की नाही, हे त्या सात पुस्तकांवर येऊन अडलं होतं.

पुढचा महिना मी यातच होते. वसई रोड ते अंधेरी, उभ्यानं, एका हातात कडी आणि एका हातात फोन.

पहिलं लक्षात आलं ते साल. 1534. त्या वर्षी मार्टिन ल्यूथरचं संपूर्ण जर्मन बायबल छापून आलं. त्यात त्यानं ही पुस्तकं वेगळी काढून एका गटात ठेवली : वाचायला चांगली, पण पवित्र शास्त्राच्या बरोबरीची नाहीत. आणि त्याच 1534 च्या डिसेंबरात गुजरातच्या बहादूरशहानं तह करून वसई पोर्तुगीजांना दिली. बारा वर्षांनी, 1546 मध्ये, ट्रेंटच्या धर्मपरिषदेनं ती पुस्तकं शास्त्रातच मोडतात असं ठामपणे जाहीर केलं. म्हणजे तिकडे युरोपात यादीवरून भांडण पेटलं होतं आणि इकडे आमचे पूर्वज त्या भांडणातल्या एका बाजूच्या हातात आले होते. आम्हाला 73 मिळाली ती अशी. पुढे इंग्रजी राज्यात प्रोटेस्टंट मिशनरी आले, बायबल सोसायट्या आल्या. लंडनच्या बायबल सोसायटीनं 1826 मध्ये ठरवलं की वादातल्या या पुस्तकांच्या छपाईवर आपला पैसा खर्च करायचा नाही. दादाच्या काळ्या कव्हरच्या 66 मागे तो इतिहास आहे. दोघांच्याही हातात आलेलं पुस्तक आमच्या जन्माआधी कुणीतरी मोजून दिलेलं होतं.

दादाला हे सांगितलं तर तो म्हणाला, "माणसांनी काय ठरवलं ते सोड. वचन स्वतःच सांगतं." त्यानं तिमथीला लिहिलेल्या दुसऱ्या पत्राचा तिसरा अध्याय काढून दाखवला. तिथे सगळा शास्त्रलेख देवानं प्रेरित केलेला आहे, असं म्हटलंय. मूळ ग्रीक शब्दाचा अर्थ 'देवानं श्वास फुंकलेला' असा होतो. शब्द फार सुंदर आहे. पण ते पत्र लिहिलं गेलं तेव्हा नव्या कराराचं पुस्तक अजून एकत्र झालेलंच नव्हतं. तिमथी लहानपणापासून ज्या शास्त्रावर वाढला, ते यहुद्यांचं शास्त्र. पत्र लिहिणारा त्याच्याबद्दल बोलतोय. शिवाय त्या शास्त्रात नेमकी किती पुस्तकं, हे त्या ओळीत कुठे आहे? संपूर्ण बायबलमध्ये बायबलची अनुक्रमणिका कुठेच नाही. नव्या कराराची आज आहेत तीच 27 पुस्तकं एका यादीत पहिल्यांदा दिसतात ती इ. स. 367 मध्ये, अलेक्झांड्रियाच्या अथनेशियस या बिशपच्या पत्रात. ख्रिस्तानंतर तीनशेहून जास्त वर्षांनी.

आमच्या डब्यात एक मैत्रीण आहे, विरारहून येते, कॉलेजात संस्कृत शिकवते. तिला मी हे सगळं सांगत होते. ती म्हणाली, "मी खरं बोलते, कारण मी म्हणते की मी खरं बोलते, असं झालं की ग हे!" बाजूच्या दोघी हसल्या. मग तीच म्हणाली, "पण हसू नका, आमच्याकडे पण हेच भांडण आहे." तिनं बोरिवलीपर्यंत जे सांगितलं ते माझ्या डोक्यातून गेलं नाही. मीमांसक म्हणतात, वेद अपौरुषेय आहेत, त्यांना कर्ताच नाही, देवही नाही. कर्ता नाही म्हणून त्यात कर्त्याची चूकही नाही. नैयायिकांना ते पटत नाही. ते म्हणतात, शब्द प्रमाण असतो तो बोलणारा विश्वासू असतो म्हणून. अशा माणसाला 'आप्त' म्हणायचं. आणि तो विश्वासू आहे हे कसं कळतं? तर न्यायसूत्रं आयुर्वेदाचं उदाहरण देतात. ज्या बाबतीत पडताळा घेता येतो, तिथे औषध लागू पडतं. मग जिथे पडताळा घेता येत नाही, तिथेही त्याच्यावर विश्वास ठेवायला हरकत नाही.

मला दादाच आठवला. त्याला औषध लागू पडलं होतं.

पण त्यातही मेख आहेच. नालासोपाऱ्यातच दुसऱ्या कुणाची दारू विपश्यनेनं सुटली असेल, कुणाची माळ घातल्यावर, कुणाची नुसत्या डॉक्टरच्या गोळ्यांनी. गुण आला म्हणून पुस्तक देवाचं, असं म्हटलं तर बरीच पुस्तकं देवाची होतील. मैत्रीण म्हणाली, "तुकोबांची गाथा इंद्रायणीतून तेराव्या दिवशी वर आली म्हणतात. आम्ही वारकरी घरातले. पण माझे आजोबा गाथा पाण्यात तरंगली म्हणून वाचत नव्हते. वाचताना रडू यायचं म्हणून वाचायचे."

एका रविवारी मिस्सा संपल्यावर मी आमच्या धर्मग्रामातल्या फादरांना गाठलं. म्हटलं, "फादर, तुम्ही सांगा. देवानं कानात सांगितलं आणि माणसानं लिहून घेतलं, असं आहे का?"

ते म्हणाले, "नाही. तसं मानणारे ख्रिस्ती आहेत, पण आपलं चर्च तसं मानत नाही." 1965 मध्ये दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनं 'देई व्हेर्बुम' नावाचा दस्तऐवज काढला, त्याचा आधार देऊन त्यांनी समजावलं. लेखक देव आहे आणि माणूसही खराखुरा लेखक आहे. त्याची भाषा, त्याचा स्वभाव, त्याच्या काळाच्या समजुती, सगळं त्याचंच. देवानं त्याच्यातून आपल्या तारणासाठी जे सांगायचं ते चूक न होता सांगितलं. भूगोल किंवा विज्ञान शिकवायला ते पुस्तक नाही.

मग त्यांनी मला दोन जागा वाचायला दिल्या. एक लूकच्या शुभवर्तमानाची सुरुवात. लूक तिथे म्हणतो की सगळ्या गोष्टींचा मुळापासून नीट शोध घेऊन मी हे क्रमानं लिहितोय. आकाशवाणी झाली असं म्हणत नाही. एखादा चांगला बातमीदार म्हणेल तसं म्हणतो. दुसरी जागा पौलाच्या करिंथकरांना लिहिलेल्या पहिल्या पत्रातली. मी तुमच्यापैकी फक्त अमक्या-अमक्यांचा बाप्तिस्मा केला, असं तो ठणकावून लिहितो. मग त्याला आणखी एक घर आठवतं. मग म्हणतो, याशिवाय आणखी कुणाचा केला असेल तर आठवत नाही.

मी रात्री ते वाचलं आणि खूप हसले. देवाच्या वचनात एका माणसाचं विसरणं जसंच्या तसं राहिलंय! कुणाला ते खोडावंसंही वाटलं नाही. मला ते पुस्तक त्या क्षणी जास्त खरं वाटलं.

पण माझा मूळ प्रश्न तसाच होता. पुढच्या रविवारी मी परत गेले. "फादर, कोणती पुस्तकं प्रेरित हे चर्चनं ठरवलं. चर्चला अधिकार कुणी दिला? ख्रिस्तानं. ख्रिस्तानं दिला हे कशावरून? बायबलवरून. मग आपण गोल-गोलच फिरतोय. दादा एका पुस्तकाभोवती, आपण दोन खांबांभोवती."

ते रागावतील असं वाटलं होतं. त्यांनी मला चर्चच्या मनोऱ्याकडे बोट दाखवून विचारलं, "घंटेपर्यंत चढली आहेस कधी? गोल जिना आहे. फिरतो, पण प्रत्येक फेरीला वर जातो." मग त्यांनी पायऱ्या मोजून दाखवल्या. आधी बायबल देवाचं वगैरे मानायचंच नाही. फक्त जुने कागद म्हणून वाचायचं, जसे इतिहासाचे लोक वाचतात. त्यातून एवढं दिसतं की येशू नावाचा माणूस होऊन गेला, त्याला क्रुसावर मारलं, आणि घाबरून पळालेली त्याची माणसं थोड्याच काळात तो उठलाय असं जीव धोक्यात घालून सांगू लागली. ती साक्ष पटली तर त्याच्या शब्दाला वजन येतं. त्यानं आपल्यामागे कागद ठेवला नाही, माणसं ठेवली. त्या माणसांचा समाज म्हणजे चर्च. त्या समाजानं पुढे सांगितलं की या लिखाणात आम्हाला त्याचा आवाज ओळखू येतो, त्यात येत नाही. संत ऑगस्टीन यांनीही चौथ्या-पाचव्या शतकात असंच काहीसं कबूल केलं होतं : शुभवर्तमानावर आपला विश्वास बसला तो चर्चच्या शब्दामुळे.

"पण फादर, मधली एक पायरी उडी मारून ओलांडावी लागते. तो उठला ही."

"हो," ते म्हणाले. "तिथे उडी आहे. ती कुणापासून लपवू नये."

आणि अडचण तेवढीच नाही. शमुवेलाच्या पहिल्या ग्रंथाचा पंधरावा अध्याय मी दोघांनाही दाखवला. अमालेकी लोकांना मारून टाका, बायका, तान्ही मुलंसुद्धा, असा देवाचा हुकूम तिथे सांगितलाय. दादा म्हणाला, "देव न्यायी आहे, आपल्याला सगळं कळत नाही." फादर म्हणाले, "त्या काळच्या माणसांना देव जेवढा कळला तेवढा त्यांनी लिहिला. पुढे ख्रिस्तापर्यंत ती समज वाढत गेली." दादाचं ऐकून मला भीती वाटली. फादरांचं पटलं, पण पुरतं नाही. कारण तान्ह्या मुलांचा तो हुकूम अजून त्याच पुस्तकात आहे, आणि मिस्सात वाचन संपल्यावर हा प्रभूचा शब्द आहे असं जाहीर करणाऱ्यांपैकी मी एक आहे. तो अध्याय माझ्या वाट्याला कधी आला नाही. आला तर काय करीन, मला माहीत नाही.

या महिन्यात मला आजीबद्दल एक गोष्ट उशिरा कळली. तिनं बायबल कधी वाचलंच नव्हतं. दुसरीपर्यंत शाळा, मग भाजीची टोपली. लाल लुगडं नेसून पहाटेच्या गाडीनं वाडीतली भाजी विकायला जायची. तिच्या तरुणपणी मिस्सा लॅटिनमध्ये व्हायचा. फादर वेदीकडे तोंड करून काय म्हणतात ते तिला कळत नसे, म्हणून ती आपली माळ जपत बसे. मराठीत मिस्सा सुरू झाला तो त्याच व्हॅटिकन परिषदेनंतर. वसईतली आमची कितीतरी पिढ्यांची माणसं ख्रिस्ती म्हणून जगली आणि मेली, घरात बायबल नसताना. त्यांच्याकडे प्रार्थना होत्या, सण होते, आळीच्या तोंडाशी क्रूस होता आणि सांगणारी माणसं होती.

मराठी बायबल घराघरांत पोचावं म्हणून ज्यांनी आयुष्य घातलं, त्यांचंही मी या काळात वाचलं. पंडिता रमाबाईंनी त्यासाठी हिब्रू आणि ग्रीक शिकून घेतलं. केडगावच्या मुक्ती मिशनमधल्या बायकांच्या हातांनी ते छापलं गेलं, आणि कमी शिकलेल्या बाईला कळावं म्हणून त्यांनी सोप्या मराठीचा हट्ट धरला. 1922 मध्ये त्या वारल्या. जवळपास शेवटपर्यंत हेच काम चालू होतं. आमच्याकडचे, नंदाखालचे फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांनी 'सुबोध बायबल' केलं. त्याला साहित्य अकादमीचा अनुवादासाठीचा पुरस्कार मिळाला. 2020 मध्ये उस्मानाबादच्या साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष होते. 2024 च्या जुलैमध्ये ते गेले. एकेका शब्दासाठी अशी माणसं वर्षानुवर्षं अडून बसतात. प्रत्येक भाषांतरात शब्द बदलतात. मग प्रेरित नेमकं काय? येशू अरामी बोलायचा, पण शुभवर्तमानं ग्रीकमध्ये आहेत. म्हणजे त्याचे शब्द आपल्यापर्यंत पोचतात तेच मुळात भाषांतरातून. शब्दाला धरून बसायचं तर ख्रिस्ती माणसाच्या हातात सुरुवातीपासूनच काही राहत नाही. तरीही दोन हजार वर्षं तो आवाज ओळखू येतो असं म्हणणारी माणसं आहेत. केडगावात होती, नंदाखालात होती.

आणि नालासोपाऱ्यात आहेत. महिना संपायला चार दिवस असताना मी दादाकडे गेले. वहिनी कामावर होती. मी विचारलं, "दादा, ते बायबल तुला दिलं कुणी?" इतक्या वर्षांत हे मी कधी विचारलं नव्हतं. तो म्हणाला, गटातले एक अंकल. दारू सोडल्यावर पहिल्या आठ रात्री हात थरथरायचे, भिंतीवर काहीबाही दिसायचं. डॉक्टरकडे त्यांनीच नेलं, औषधं त्यांनीच आणली, आणि रात्री उशाशी बसून स्तोत्रं वाचली. "ते म्हणाले हे देवाचं आहे. मी म्हटलं असेल. तो माणूस खोटं बोलणारा नव्हता."

म्हणजे दादानंही आधी पुस्तकावर विश्वास ठेवला नव्हता. त्यानं उशाशी बसलेल्या माणसावर ठेवला आणि मग त्याच्या हातातल्या पुस्तकावर. मी आजीवर ठेवला, आजीनं तिच्या आजीवर. संस्कृतवाली मैत्रीण म्हणते तो आप्त. मला वाटतं, देवाच्या प्रेरणेचे जे-जे दाखले मी महिनाभर वाचले, ते सगळे या विश्वासाच्या नंतर येतात. आधार म्हणून ते लागतात, नाहीतर कुणीही उशाशी बसून काहीही सांगेल. त्यांच्या जोरावर प्रश्न विचारता येतात, अमालेकींवर अडता येतं. पण नुसत्या त्या दाखल्यांनी कुणाला कुठे पोचवलंय असं मी पाहिलेलं नाही.

मी दादाला हे सगळं बोलले नाही. एवढंच म्हटलं, "आजी पण बसायची रे. फाटकापाशी. तुझ्यासाठी." तो बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "माहितीये."

मिस्साचं पहिलं वाचन मीच करणार होते. मृतांच्या मिस्सासाठी जी वाचनं दिलेली असतात, त्यात मक्काबींचा तो बारावा अध्यायही आहे. मी तोच निवडून ठेवला होता, दादा आलाच तर त्याला ऐकू जावा म्हणून. आदल्या रात्री बदलला. यशयाचा पंचविसावा घेतला : देव डोंगरावर सगळ्या लोकांसाठी मेजवानी मांडतो आणि प्रत्येकाच्या डोळ्यांतलं पाणी पुसतो. तो 66 मध्ये आहे आणि 73 मध्येही. मक्काबींवरचा माझा विश्वास कमी झाला म्हणून मी हे केलं नाही. आजीच्या मिस्साला मला वाद जिंकायचा नव्हता.

दादा आला. शेवटच्या बाकाच्याही मागे, दरवाजात उभा राहिला. मी वाचायला उभी राहिले तेव्हा त्यानं पिशवीतून काळं बायबल काढलेलं दिसलं. आजीच्या आत्म्यासाठी प्रार्थना झाली तेव्हा त्याचे ओठ हलले नाहीत. नंतर मीही त्याला काही विचारलं नाही.

बाहेर आल्यावर तो म्हणाला, "शब्द वेगळे आहेत तुझ्यात. पण ओळ न् ओळ लागत होती, मी बोट ठेवून बघत होतो." मग म्हणाला, "जरा सावकाश वाचत जा. मागे ऐकू येत नाही."